परमुलखातले सात हिवाळे
(सिनेगॉगच्या वर्धापनदिन समारंभात केलेले भाषण)





उत्सव समितीने मला दोन शब्द बोलायला सांगितले तेव्हा मी म्हणालो, "अहो, मी फिटर माणूस. भाषण करणे माझे काम नव्हे." त्यावर समितीतल्या एका भगिनीने सांगितले, "तुम्ही आयर्लंडमध्ये एकट्याने सात हिवाळे काढलेत, त्याबद्दल बोला. आमचा नातू लष्करातून सुटून सहा महिन्यांसाठी एकटाच दक्षिण अमेरिकेत निघालाय. त्याची आई आतापासूनच रात्री मोबाइल उशाशी घेऊन झोपते." हे ऐकल्यावर मला नाही म्हणवले नाही. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी आज हीच कथा आहे.

माझा जन्म मुंबईचा. लहानपण उमरखाडीत गेले. पुढे गिरणीत फिटरचे काम शिकलो आणि 1971 साली पत्नीसह इस्रायलला आलो. लोदला घर मिळाले. इथे गाईंचे दूध काढताना ते मोजणाऱ्या यंत्रांच्या कामाला लागलो. आमचे पूर्वज कोकणात शनवार तेली. माझ्या आजोबांचा घाणा होता आणि घाण्याला बैल होता. त्यामुळे गोठा, शेण, वैरण यांचा वास मला परका नव्हता. कंपनीची यंत्रे आयर्लंडला जाऊ लागली, ती बसवायला माणूस हवा होता, आणि मला इंग्रजी येत होते. 1987 च्या नोव्हेंबरात मी पहिल्यांदा कॉर्क शहरात उतरलो. 1994 च्या वसंतापर्यंत दर हिवाळ्यात तीन-चार महिने मी तिथे असे.

हिवाळाच का, असे तुम्ही विचाराल. आयर्लंडमध्ये गाई वसंत ऋतूत वितात. हिरवे गवत भरपूर असते तेव्हा दूध भरपूर, आणि डिसेंबर-जानेवारीत बहुतेक गाई आटलेल्या असतात. गोठा रिकामा असतानाच यंत्र बसवता येते. म्हणजे ज्या काळात त्या देशात राहणे सर्वांत अवघड, नेमक्या त्याच काळात आमचे काम.

तिथला हिवाळा म्हणजे काय, ते सांगतो. डिसेंबरात सकाळचे साडेआठ वाजून गेले तरी सूर्य उगवत नाही आणि दुपारचे साडेचार वाजायच्या आत तो मावळतो. शब्बाथचे दिवे चारच्या सुमारास लावावे लागतात. पाऊस म्हणाल, तर मुंबईत चार महिन्यांत जेवढा पडतो त्याच्या जवळपास निम्माच तिथे वर्षभरात पडतो. पण आपला पाऊस कसा, येतो, धिंगाणा घालतो आणि जातो. तिथला पाऊस बोलत नाही आणि जातही नाही. भुरभुर, भुरभुर, दिवसच्या दिवस. मी एका शेतावरून दुसऱ्या शेतावर गाडी हाकत असे. शेते लांब लांब, रस्ते अरुंद, दोन्ही बाजूंना झुडपांच्या भिंती. कधी कधी दिवसभरात शेतकऱ्याशी झालेली चार वाक्ये सोडली तर तोंडातून शब्द निघत नसे. मराठी तर स्वतःशीच बोलायची.

पहिल्या तीन आठवड्यांत माझी भूक गेली. झोप येईना. पहाटे जाग आली की आपण कुठे आहोत हेच कळेना. मला वाटले, पोटाचा विकार झाला. डॉक्टरकडे गेलो. ते तपासून म्हणाले, "तुम्हाला काही झालेले नाही. घर किती दूर आहे तुमचे?"

पुढे माझ्या वाचनात आले की 1688 साली योहानेस होफर नावाच्या तरुण डॉक्टरने बाझेल इथे या दुखण्यावर प्रबंध लिहिला होता. परमुलखात राहणारी स्विस माणसे घरच्या आठवणीने आजारी पडत, ते पाहून त्याने ग्रीक भाषेतले 'घरी परतणे' आणि 'वेदना' हे दोन शब्द जोडून 'नॉस्टॅल्जिया' असे नाव तयार केले. आपल्याला एवढी जोडाजोडी करायला नको. आपली आई विचारायची, "काय रे, करमत नाही का?" करमत नाही. बस्स. सगळे त्यात आले. पण मी चव्वेचाळीस वर्षांचा बाप्या, तीन मुलांचा बाप. मला करमत नाही, हे कबूल करायची लाज वाटत होती.

आणि इथेच मी चूक केली. घरी लिहिलेल्या प्रत्येक पत्रात मी एकच लिहीत होतो. "मी मजेत आहे. हवा छान आहे. माणसे प्रेमळ आहेत." फोन करायचा तर नाणी टाकून, आणि नाणी भराभर संपायची. तेवढ्या वेळात मी "मजेत, मजेत" म्हणायचो आणि पलीकडून ही म्हणायची, "इथेही सगळे ठीक."

मार्चमध्ये घरी परतलो. रात्री मधला मुलगा अंघोळ करून आला, तेव्हा त्याच्या पोटावर टाक्यांचा व्रण दिसला. मी विचारले, "हे काय?" तर जानेवारीत त्याचे अपेंडिक्सचे ऑपरेशन झाले होते. हिने एकटीने दवाखान्यात चार रात्री काढल्या होत्या. मला कळवले नाही. मी चिडलो. ती शांतपणे म्हणाली, "तुम्ही किती किलो उतरलात, ते कळवलेत का?" मला उत्तर नव्हते. त्या रात्री आम्ही दोघांनी ठरवले की यापुढे पत्रात खरे लिहायचे. चांगले तेही, वाईट तेही. आणि पत्रांवर क्रमांक घालायचे, कारण पत्रे मागेपुढे पोचत. कुठले आले नाही, ते क्रमांकावरून कळते. आमच्या घरी आजही एका डब्यात ती पत्रे आहेत, पहिल्यापासून एकशे तेराव्यापर्यंत.

दुसऱ्या हिवाळ्यापासून मी थोडा शहाणा झालो. काय काय केले ते सांगतो. कदाचित कुणाच्या नातवाच्या उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट जेवणाची. कोशेर मांस डब्लिनशिवाय मिळत नसे, आणि डब्लिन अडीचशे किलोमीटर दूर. पहिल्या वर्षी मी अंडी, बटाटे आणि ब्रेड यांवर राहिलो होतो. दुसऱ्या वर्षी हिने हळद, तिखट, धण्याची पूड आणि आमसुले बांधून दिली. कॉर्कमध्ये इंग्लिश मार्केट म्हणून 1788 पासूनचा जुना बाजार आहे. त्यात मासळीची दुकाने आहेत. तिथे एके दिवशी बर्फावर बांगडा दिसला! अगदी आपला नव्हे, आपल्या बांगड्याचा चुलतभाऊ म्हणा, पण पंख आहेत, खवले आहेत, म्हणजे खायला हरकत नाही. मी सहा घेतले. घरमालकीणबाईंच्या परवानगीने स्वतःच्या नव्या भांड्यात आमसूल घालून कालवण केले. नारळ नव्हता, डब्यातला सुका कीस वापरला. पहिला घास घेतला आणि डोळ्यांत पाणी आले. तिखटाने आले, असे मी बाईंना सांगितले.

दुसरी गोष्ट वेळेची. एकट्या माणसाचे सगळे दिवस सारखे होतात आणि तेच त्याला खाते. म्हणून मी शुक्रवार संध्याकाळ बांधून घेतली. कुठल्याही शेतावर असलो तरी दुपारी दोनला काम बंद. खोली झाडायची, शर्टाला इस्त्री करायची, कालवण करायचे, दिवे लावायचे, किद्दूश म्हणायचा. समोर कुणी नसे. पण मला ठाऊक होते की दोन तासांपूर्वी लोदला हिने दिवे लावले आहेत. आठवड्याला असा एक खुंटा असला की बाकीचे दिवस त्याला बांधता येतात.

तिसरी गोष्ट माणसांची. परक्या गावात शंभर ओळखी नकोत, नात्याने हाक मारता येईल असे एक माणूस हवे. आपल्या आनंदीबाई जोशी 1883 साली एकट्या अमेरिकेला गेल्या, वय अवघे अठरा. तिथे ज्या कार्पेंटरबाईंनी त्यांना घरात ठेवून घेतले, त्यांना त्या मावशी म्हणत. थंडी, निराळे अन्न, ढासळलेली प्रकृती, सगळे सोसून 11 मार्च 1886 रोजी त्या डॉक्टर झाल्या. परत आल्या आणि 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात वारल्या, बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्या एवढे टिकल्या त्यात त्या मावशींचा वाटा मोठा होता, असे मला वाटते. मीही माझ्या घरमालकीणबाईंना एके दिवशी मावशी म्हटले. त्यांनी अर्थ विचारला. "आईची बहीण," मी म्हणालो. त्या हसल्या आणि त्या दिवसापासून माझ्या खोलीत रात्री गरम पाण्याची पिशवी येऊ लागली.

आपल्या धर्माची माणसेही भेटली. कॉर्कमधल्या साउथ टेरेसवर एक लहानसे सिनेगॉग होते. 1880 च्या दशकात लिथुआनियातून आलेल्या कुटुंबांची ती वस्ती. बोटीवर "कॉर्क, कॉर्क" अशी आरोळी झाली ती त्यांना "न्यूयॉर्क" ऐकू आली म्हणून ते उतरले, अशी गंमत ते स्वतःच सांगत. त्यांच्यातले जेराल्ड गोल्डबर्ग 1977 साली कॉर्कचे लॉर्ड मेयर झाले होते. पण मी गेलो तोवर मोजकी म्हातारी माणसे उरली होती. मिन्यान जमायचा तो मुख्यतः सणाला, डब्लिनहून माणसे आली की. त्या वेळी आपले राष्ट्राध्यक्ष होते हाईम हर्झोग. त्यांचा जन्म बेलफास्टचा, बालपण डब्लिनचे. 1985 साली त्यांनीच डब्लिनमधल्या आयरिश ज्यू संग्रहालयाचे उद्घाटन केले. मी इस्रायलचा म्हटल्यावर प्रत्येक जण मला आधी त्यांच्याबद्दल विचारी, जणू ते माझ्या शेजारी राहतात!

आता 1990-91 च्या हिवाळ्याचे सांगतो. तो मी विसरणार नाही.

3 डिसेंबर 1990 ला मेरी रॉबिन्सन आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्ष झाल्या. देश सोडून गेलेल्या सर्व आयरिश माणसांसाठी त्यांनी राष्ट्राध्यक्षांच्या निवासाच्या खिडकीत एक दिवा कायमचा लावून ठेवला. आमच्या मावशींचा एक मुलगा बॉस्टनला, एक लंडनला आणि मुलगी सिडनीला. त्यांनीही आपल्या पुढच्या खिडकीत एक विजेचा दिवा ठेवला. तो रात्रभर जळे.

18 जानेवारी 1991, शुक्रवार. पहाट व्हायच्या आत इस्रायलवर पहिली क्षेपणास्त्रे पडली. तुम्ही सगळे इथे होतात. प्लास्टिक आणि चिकटपट्टीने बंद केलेली खोली, तोंडावर मुखवटे, सायरन, हे तुम्हाला सांगायला नको. मी मात्र मावशींच्या स्वयंपाकघरात रेडिओ ऐकत उभा होतो. फोन लागेना. सकाळपासून दुपारपर्यंत मी नंबर फिरवत होतो. शब्बाथ लागायला तासभर उरला असताना लाइन लागली. मी विचारले, "कशी आहेस?" जुन्या सवयीप्रमाणे ती "ठीक" म्हणाली असती तर मी वेडा झालो असतो. ती म्हणाली, "खूप भीती वाटतेय. धाकटा मुखवटा घालायला तयार नाही, रडतो. मीही रडले. पण आम्ही सगळे आहोत." आणि मी म्हणालो, "मलाही भीती वाटतेय. मी इथे सुरक्षित आहे, याची लाज वाटतेय."

बंधू-भगिनींनो, त्या बोलण्याने संकट टळले नाही. पण मला उभे राहता आले. खरे ऐकले की मनाला धरायला काहीतरी मिळते. "ठीक आहे" या शब्दाला काही धरता येत नाही. फोन ठेवून मी दिवे लावले. मावशी दाराशी येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "खिडकीतला तो दिवा आजपासून तुझ्या घरच्यांसाठीही आहे." बऱ्याच विमान कंपन्यांनी उड्डाणे बंद केली होती. लंडनहून जागा मिळवून घरी पोचायला मला दहा दिवस लागले.

शेवटच्या हिवाळ्यात मावशी मला कोव्ह बंदरावर घेऊन गेल्या. इंग्रजी अमलात त्याचे नाव क्वीन्सटाउन होते. 1912 साली टायटॅनिकने शेवटचा मुक्काम केला तो इथेच. 1848 ते 1950 या शंभर वर्षांत साठ लाखांवर माणसे आयर्लंड सोडून गेली आणि त्यातली पंचवीस लाख या एका बंदरातून. धक्क्यावर एका मुलीचा पुतळा आहे, तो 1993 साली उभारला. ॲनी मूर तिचे नाव. वय सतरा, बरोबर दोन धाकटे भाऊ. 1 जानेवारी 1892 ला न्यूयॉर्कचे एलिस बेट उघडले, तेव्हा तिथून सर्वप्रथम आत गेली ती ही मुलगी. मावशींनी मला सांगितले की पूर्वी कुणी अमेरिकेला निघाले की आदल्या रात्री शेजारीपाजारी त्या घरी जमत आणि मयताच्या रात्री जागतात तसे जागत. गाणीही होत आणि रडणेही होई. कारण गेलेला पुन्हा दिसणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक असे.

मी त्या पुतळ्याकडे पाहत होतो आणि मला माझी आई आठवली. आम्ही निघायच्या आदल्या दिवशी तिने मलिदा केला, एलियाहू हन्नाबीचे नाव घेतले, आणि सांताक्रूझ विमानतळावर शेवटपर्यंत रडली नाही. ती मोठ्या भावाकडे मुंबईतच राहिली. 1979 साली ती गेली. तार आली, तोवर सगळे आटोपले होते. त्या काळी इस्रायली पासपोर्टवर भारतात जाणे सोपे नव्हते. 29 जानेवारी 1992 ला दोन्ही देशांचे पूर्ण राजनैतिक संबंध जुळले, आणि 1994 च्या अखेरीस, तेवीस वर्षांनी, मी उमरखाडीच्या त्या चाळीत पाऊल ठेवले. शेजारच्या काकू होत्या. त्यांनी मला ओळखले. चहा केला. म्हणाल्या, "तुझं पत्र आलं की तुझी आई माझ्याकडून दोनदा वाचून घ्यायची. तिला नंतर नंतर दिसत नव्हतं रे. आणि ऐकून झालं की म्हणायची, सगळं खरं लिहीत नाही तो."

तिला दिसत नव्हते, हे मला कुणी कळवले नव्हते. आणि सुरुवातीच्या वर्षांत इथे आम्ही काय सोसले, ते मी तिला कळवले नव्हते. तुमच्यापैकी अनेकांनी तो काळ पाहिला आहे. 1950 च्या दशकात तर आपली काही कुटुंबे इथे न रमल्यामुळे भारतात परत गेली, आणि त्यातली काही पुन्हा इथे आली. आम्ही मायलेकांनी आठ वर्षे एकमेकांना "मजेत" असे लिहिले. माझ्या पत्नीशी मी जे खरे बोलायला शिकलो, ते आईशी बोलायची वेळ निघून गेली होती. माझ्या आयुष्यातली ही एक गोष्ट मला दुरुस्त करता आलेली नाही.

म्हणून माझे मागणे एवढेच आहे. तुमचा नातू दूर देशातून फोन करील, तेव्हा त्याला "मजेत ना?" असे विचारू नका. त्यात उत्तर आधीच भरलेले असते. "करमतंय का?" असे विचारा. आणि त्याने तुम्हाला विचारले तर गुडघा दुखतो, हे सांगा. आजकाल फोनवर चेहराही दिसतो, पण चेहऱ्यालाही खोटे बोलता येते.

जाता जाता दोन बातम्या सांगतो. कॉर्कचे ते सिनेगॉग 2016 साली बंद झाले. पण तिथल्या शालोम पार्क नावाच्या बागेत नऊ दिवे आहेत. त्यातला नववा वर्षभर बंद असतो. हनुक्काच्या शेवटच्या संध्याकाळी तेवढा तो थोडा वेळ लागतो आणि पुन्हा विझतो. आणि दुसरी बातमी बहुतेकांना ठाऊक असेल. मालवण तालुक्यातल्या वराड गावचे एक डॉक्टर आयर्लंडमध्ये स्थायिक झाले. त्यांचे चिरंजीव लिओ वराडकर 2017 साली त्या देशाचे पंतप्रधान झाले आणि 2022 साली पुन्हा झाले. 2019 च्या डिसेंबरात ते वराडला येऊन वडिलांचे घर पाहून गेले. मला ते वाचून फार आनंद झाला. दिवेकर, रोहेकर, पेणकर, केहिमकर, झिराडकर, आपण सगळे त्याच कोकणचे. आपण गाव सोडले, पण गावाने आपले आडनाव सोडले नाही.

आज या सभागृहात मराठी ऐकू येते आहे, मागे मलिद्याचा वास सुटला आहे, आणि दहा पुरुष जमतील का ही चिंता आपल्याला नाही. एका लहानशा खोलीत एकट्याने किद्दूश म्हटलेल्या माणसाला हे किती मोठे वाटते, ते मी सांगू शकत नाही. ज्यांनी हे सिनेगॉग उभारले आणि ज्यांनी ते इतकी वर्षे चालू ठेवले, त्यांचे मी मनापासून आभार मानतो. जे आज आपल्यात नाहीत त्यांच्या आत्म्यास शांती लाभो, आणि जी मुले प्रवासात आहेत ती सुखरूप घरी येवोत.